पनामा : पावसावर चालणारा कालवा आणि तो खणणारी माणसं

पनामा नकाशावर बघा, एकदम बारीक पट्टी आहे, सगळ्यात अरुंद जागी जेमतेम ५० किमी. ही जमीन ज्वालामुखी आणि सरकणाऱ्या भूपट्टांमुळे हळूहळू समुद्रातून वर आली आणि साधारण ३० लाख वर्षांपूर्वी उत्तर-दक्षिण अमेरिका जोडल्या गेल्या, मग घोडे, मांजरवर्गातले प्राणी खाली गेले आणि अंगावर कवच असलेला आर्माडिलो, पोटाच्या पिशवीत पिल्लं वाढवणारा ओपोसम असे प्राणी वर आले.

माणसांना मात्र अटलांटिक आणि पॅसिफिक महासागरांमध्ये जहाजं थेट नेण्यासाठी ती पट्टी कापायची होती. फ्रेंचांनी १८८१ ला खोदायला घेतलं आणि मलेरिया, पिवळा ताप, अपघात यात २० हजारांच्या वर माणसं गेली. १९०३ ला पनामा कोलंबियापासून वेगळा झाला, अमेरिकेच्या पाठिंब्याने, आणि पुढच्या वर्षी अमेरिकेने काम हातात घेतलं. अमेरिकी लष्करातले डॉक्टर विल्यम गॉर्गस यांनी आधी डासांच्या मागे लागून पिवळा ताप संपवला, म्हणून १९१४ ला कालवा सुरू होऊ शकला. पण खरं राबले ते बार्बाडोस, जमैकाहून आलेले काळे मजूर. गोऱ्या अमेरिकनांचा पगार सोन्यात, यांचा चांदीत, राहायची-जेवायची सोयसुद्धा वेगळी. हे वाचून मला अजूनही राग येतो, कारण नावं इंजिनिअर लोकांचीच राहिली. या मजुरांचे वंशज आज पनामाचे नागरिक आहेत आणि कालवा स्वतः देशाच्या ताब्यात आला तो थेट ३१ डिसेंबर १९९९ ला.

बऱ्याच जणांना वाटतं की इथे दोन समुद्रांचं पाणी सरळ एकमेकांत सोडलंय, पण तसं नाहीये. जहाज लॉकमधून, म्हणजे दारं बंद करून पाणी भरता-सोडता येणाऱ्या मोठ्या हौदांमधून, पायरी पायरीने २६ मीटर वर चढतं, चाग्रेस नदी अडवून केलेल्या गाटुन तलावातून जातं आणि पलीकडे उतरतं, पंप वगैरे काही नाही, पाणी वरून आपोआप उताराने येतं, म्हणजे एका जहाजामागे जवळपास २० कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात जातं! पनामा सिटीचं पिण्याचं पाणीही याच खोऱ्यातलं. २०२३ ला एल निनोने (पॅसिफिकचं पाणी तापून हवामान बिघडतं ते) पाऊस आटला तेव्हा रोजची ३६ च्या आसपास जाणारी जहाजं २२ पर्यंत खाली आणावी लागली.

आता कालव्याला पाणी कमी पडू नये म्हणून जवळच्या रिओ इंदिओ नदीवर नवं धरण बांधायचं ठरतंय, त्यात तिथल्या शेतकऱ्यांची गावं पाण्याखाली जाणार आणि ते लोक जोरात विरोध करतायत.