सेंद्रियचं अनुदान आणि नैसर्गिकचं अनुदान: फरक कुठे आहे?

सेंद्रिय शेतीसाठीची परंपरागत कृषी विकास योजना आणि राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियान, दोन्ही केंद्राच्या योजना. दोन्हींत रासायनिक खतं-औषधं बंद करायची, दोन्हींत शेतकऱ्यांच्या गटातून जावं लागतं आणि दोन्हींचे पैसे थेट खात्यात येतात. म्हणून गावात दोन्हींना सरसकट ‘सेंद्रियचं अनुदान’ म्हणतात. त्यात आपल्याकडे डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचं मिशन आधी जैविक शेतीचं होतं, ते पुढे नैसर्गिक शेतीचं झालं. गोंधळ होणारच. पण सरकार नेमके कशाचे पैसे देतं हे न बघता अर्ज केला, तर नुकसान शेतकऱ्याचंच होतं.

परंपरागत योजना २०१५-१६ पासून आहे. गट साधारण २० हेक्टरचा, मुदत तीन वर्षं. हेक्टरी ३१,५०० रुपयांची तरतूद ऐकून लोक खूश होतात, पण शेतकऱ्याच्या हातात त्यातले १५,००० येतात, तेही निविष्ठांसाठी, म्हणजे शेतात घालायच्या खतं वगैरेंसाठी, आणि तीन वर्षांत मिळून. उरलेली रक्कम प्रशिक्षण, प्रमाणीकरण, पॅकिंग आणि विक्रीसाठी असते. निंबोळी पेंड, गांडूळखत, जिवाणू खतं विकत आणलेली चालतात. या योजनेचा खरा गाभा आहे प्रमाणपत्र. पीजीएस, म्हणजे सहभागी हमी पद्धतीत गटातले शेतकरीच एकमेकांच्या शेताची तपासणी करतात, नोंदवह्या ठेवतात, आणि रूपांतराचा, म्हणजे रसायनं सोडून सेंद्रियकडे वळण्याचा, काळ संपल्यावर माल ‘सेंद्रिय’ म्हणून विकता येतो. मात्र हे प्रमाणपत्र देशातल्या बाजारासाठी आहे. निर्यात करायची तर एनपीओपी, म्हणजे राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखालचं वेगळं प्रमाणीकरण लागतं.

नैसर्गिक शेती अभियानाला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली २५ नोव्हेंबर २०२४ ला, एकूण खर्च २,४८१ कोटी. इथे भर विकतच्या निविष्ठांवर नाहीच. गोठ्यातलं शेण-गोमूत्र आणि शेतातलं आच्छादन यांवर शेती उभी करायची. विदर्भातल्या सुभाष पाळेकरांनी घरोघरी पोचवलेलं जीवामृत हे त्याचं ठळक उदाहरण: २०० लिटर पाण्यात १० किलो ताजं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवून रोज ढवळायचं, दोन दिवसांनी एकराला सोडायचं. ज्याच्याकडे जनावर नाही, त्याच्यासाठी अशा तयार निविष्ठा देणाऱ्या केंद्रांची सोय योजनेत आहे. गावपातळीवर मार्गदर्शनाला कृषी सखी, म्हणजे प्रशिक्षण घेतलेल्या गावातल्या महिला, असतात. प्रोत्साहन एकरी वर्षाला ४,००० रुपये, दोन वर्षं, आणि ते शेतकऱ्यामागे एका एकरापुरतंच.

आता हिशेब बघा. एकरी तुलना केली तर नैसर्गिकचे ८,००० आणि परंपरागतचे सुमारे ६,०००. पण पाच एकर, म्हणजे साधारण दोन हेक्टर, बदलायचे असतील तर परंपरागतमधून ३०,००० मिळू शकतात, नैसर्गिकमधून ८,०००च. म्हणजे अभियान एका एकरावर करून बघायला हात देतं, तर परंपरागत योजना सगळं रान आणि बाजार दोन्ही धरते.

दोन्हींतली एक उणीव मला फार खुपते. रसायनं बंद केल्यावर पहिली एक-दोन वर्षं उत्पन्न घटतं, विशेषतः कापूस-उसासारख्या खतखाऊ पिकांत. ती तूट भरून काढायला हे पैसे पुरत नाहीत. अल्पभूधारकाने सगळी जमीन एकदम बदलू नये, असं मी आग्रहाने सांगेन.

भाजीपाला, डाळी, हळद शहरातल्या ग्राहकाला थेट विकणारा गट असेल तर परंपरागत योजनेकडे जावं. तिथे कागदपत्रांचा त्रास आहे, पण लेबलला दर मिळतो. दावणीला गाय आहे, खताची उधारी कमी करायची आहे आणि माल बाजार समितीतच जाणार आहे, तर अभियान बरं. अर्जाआधी तालुका कृषी कार्यालयात एवढं जरूर विचारा: आपल्या गावात यंदा कोणता गट मंजूर आहे आणि आपल्या जमिनीचा सातबाऱ्यावरचा गट नंबर त्यात बसतो का.