शेवटचा जाळ केव्हाचा?

उत्तर फ्रान्समध्ये नवा रस्ता किंवा वसाहत होण्याआधी पुष्कळदा पुरातत्त्वज्ञ जमीन तपासतात. नांगरटीचा थर यंत्राने खरवडला की खालच्या पिवळसर मातीत कधी कधी विटकरी रंगाचे गोल डाग उघडे पडतात. या मध्ययुगाच्या पहिल्या शतकांतल्या गावांच्या भट्ट्या. तिथली घरं लाकूड-मातीची, त्यांच्या खांबांचे खड्डे तेवढे उरतात. भट्ट्या मात्र जमिनीच्या पोटात कोरलेल्या आणि वारंवार भाजून निघालेल्या, म्हणून टिकल्या.

बांधणी म्हणावी असं त्यांत फारसं काही नाही. आधी एक खड्डा खणायचा, मग त्याच्या भिंतीत आडवी, घुमटासारखी पोकळी कोरायची. वाऱ्याने आणून टाकलेली तिथली बारीक लोएस माती कोरायला मऊ, तरी ढासळत नाही. एकाच खड्ड्यात दोन-तीन भट्ट्यांची तोंडंही सापडतात. जाळ आतच करायचा, घुमट तापला की निखारे बाहेर ओढायचे आणि मातीत साठलेल्या उष्णतेवर पाव भाजायचे. गोव्यातल्या पोदेराची लाकडावरची भट्टी ज्यांनी पाहिली आहे त्यांना यात नवं काही वाटणार नाही. ओढलेली राख समोरच्या खड्ड्यात साचत जाई. ती पाण्यात ढवळली की जळके दाणे, तणाचं बी, कोळशाचे कण वर तरंगतात. पण दाणे मिळाले म्हणजे भट्टी पावाचीच, असं नाही. ओलसर धान्य वाळवायलाही भट्ट्या लागत.

काळ ठरवण्यासाठी मला सर्वांत मोलाचा वाटतो तो भट्टीचा तळ. मातीत लोहाच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण असतात. त्यांतलं मॅग्नेटाइट सुमारे ५८० अंश सेल्सियसच्या वर तापलं की त्याचं चुंबकत्व पुसलं जातं, आणि निवताना त्या घडीच्या भूचुंबकीय क्षेत्राची दिशा त्यात कायम होते. पुढचा कडक जाळ तीही पुसतो. म्हणजे तळात नोंद उरते ती शेवटच्या कडक जाळाची. आणि ही दिशा सरकत असते: लंडनमध्ये १५८०च्या सुमारास होकायंत्राचा काटा खऱ्या उत्तरेच्या ११ अंश पूर्वेला होता, १८२०च्या सुमारास २४ अंश पश्चिमेला.

म्हणून तळातली दिशा कोणत्या काळातल्या दिशेशी जुळते, यावरून जाळाचा काळ काढता येतो. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ एमिल तेलिए यांनी या अभ्यासाचा पाया घातला. नमुना घेण्याची त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. तळाचा तुकडा सुटा करण्याआधी त्यावर प्लॅस्टर ओतायचं, त्याचा माथा अगदी सपाट करायचा, वर सूर्यावरून काढलेली उत्तर आखायची, मगच तुकडा उचलायचा. होकायंत्रावर विसंबून चालत नाही, कारण भाजलेली माती स्वतःच काटा ओढते. कोसळलेल्या घुमटाचे तुकडे दिशेसाठी निरुपयोगी, ते जागचे हललेले असतात.

पुढे फ्रान्समध्ये अनेक ठिकाणी जमीनदाराच्याच भट्टीत पाव भाजायची आणि त्याचा मोबदला द्यायची सक्ती आली. सरंजामी हक्कांबरोबर तीही राज्यक्रांतीत गेली. शेतातल्या एखाद्या भट्टीचा शेवटचा जाळ या सक्तीच्या आधीचा की नंतरचा, हे कागदपत्रांत सहसा नसतं.

तळही एकट्याने ते सांगेलच असं नाही. सरकणारी दिशा पुन्हा जुन्या जागी येऊ शकते, मग एकाच भट्टीचे दोन काळ संभवतात. अशा वेळी राखेतली खापरं आणि कोळशाचं कार्बन-१४ (त्यातल्या किरणोत्सारी कार्बनवरून काढलेलं वय) कामी येतं. त्यातही ओकच्या ओंडक्यापेक्षा बारीक काटकी बरी, कारण ओंडक्याच्या गाभ्यातलं लाकूड भट्टीत पडण्याआधीच शंभर वर्षांचं असू शकतं.