झेपेल तेवढंच दुःख? बायबल तसं म्हणत नाही

इंदूरमध्ये मराठी ख्रिस्ती घरात कुणी गेलं की भेटायला आलेल्यांपैकी एक तरी म्हणतंच, “काकू, धीर धरा. देव झेपेल तेवढंच दुःख देतो, बायबलमध्येच आहे.” हल्ली हे वाक्य फुलांच्या चित्रावर चढून व्हॉट्सॲपवरही येतं.

बायबलमध्ये ते नाही. आधार घेतला जातो तो करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा, १ करिंथकरांस १०:१३चा. तिथे पत्र लिहिणारा प्रेषित पौल मूर्तिपूजा, व्यभिचार, कुरकुर यांच्या मोहाबद्दल बोलतोय: मोह आला तर निसटायची वाटही देव ठेवतो. जवळचं माणूस गेल्याच्या दुःखाचा तिथे विषयच नाही. उलट २ करिंथकरांस १:८ मध्ये तोच पौल सांगतो की आशियात (म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या तेव्हाच्या रोमन प्रांतात) आमच्यावर शक्तीपलीकडचा भार पडला, जगण्याचीही आशा उरली नव्हती. झेपलं नाही, हे खुद्द प्रेषितानंच लिहून ठेवलंय!

“रडणं म्हणजे विश्वास कमी” ही त्या वाक्याचीच जुळी समजूत. मित्र लाजर मेला तेव्हा त्याच्या कबरीकडे जाताना येशू रडला (योहान ११:३५), आणि थोड्याच वेळात तो लाजराला पुन्हा जिवंत करणार होता. थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहितानाही पौल शोक करू नका म्हणत नाही. आशा नसलेल्यांसारखा करू नका म्हणतो.

बायबलमधल्या ईयोबाची मुलंबाळं, मालमत्ता सगळं गेलं, तेव्हा त्याचे मित्र सात दिवस नि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ठीक होतं. मग ते त्याच्या दुःखाची कारणं सांगू लागले, आणि शेवटी देवाचा राग त्यांच्यावरच निघाला (ईयोब ४२:७). तेव्हा भेटायला जाताना बायबलचं वचन पाठ नसलं तरी चालेल. डबा द्या, धावपळीला माणूस हवा का विचारा, आणि महिन्याभरानं पुन्हा जा. तोवर बाकीच्यांचं येणं थांबलेलं असतं.