आधी कुलूप, मग कमिट

गिट ही कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली शिकायला बसलेल्या नवशिक्याला पहिल्याच दिवशी कमिट (बदल नोंदवणे), ब्रँच (कामाची वेगळी शाखा), मर्ज (शाखा एकत्र करणे) असे शब्द पाठ करावे लागतात, पण ते कोणत्या अडचणीतून आले हे सहसा कोणी सांगत नाही. अडचण एकच होती आणि ती जुनी आहे: एकाच फाइलमध्ये दोघांना एकाच वेळी बदल करायचे असतील, तर काय करायचे?

बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये सुरू केलेली एससीसीएस आणि पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी १९८२ च्या सुमारास तयार केलेली आरसीएस या अशाच जुन्या प्रणालींचे उत्तर होते कुलूप. ज्याने फाइल लॉक करून घेतली, त्यानेच ती बदलायची. हे सुरक्षित खरे, परंतु कुलूप लावणारा ते काढायचे विसरून घरी गेला, की बाकीच्यांनी हात बांधून बसायचे.

ॲमस्टरडॅमच्या व्ह्राये विद्यापीठातील डिक ग्रून यांना नेमके हेच परवडणारे नव्हते. १९८४-८५ मध्ये ते दोन विद्यार्थ्यांसह सी भाषेच्या कंपायलरवर (कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमवर) काम करत होते. एक विद्यार्थी नऊ ते पाच काम करणारा, दुसऱ्याच्या वेळेचा काही नेम नाही, आणि स्वतः ग्रून यांना केवळ संध्याकाळ मोकळी. तेव्हा त्यांनी आरसीएसवरच शेल स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांचे छोटे प्रोग्रॅम, रचून अशी सोय केली, की तिघांनी आपापल्या प्रतीवर काम करावे आणि बदल नंतर एकत्र आणावेत. या सोयीचे पहिले नाव ‘सीएमटी’, म्हणजे कमिटचेच आखूड रूप; तिची पुढे सीव्हीएस झाली. माझ्या मते या इतिहासातले खरे वळण हेच, गिट नव्हे.

सीव्हीएसची खोट अशी, की तिच्यात कमिट फाइलगणिक होत असे; मध्येच जोडणी तुटली तर निम्मे बदल आत, निम्मे बाहेर. २००० मध्ये सुरू झालेल्या सबव्हर्जनने ही खोट काढली, पण इतिहास मात्र एकाच सर्व्हरवर राहिला.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलसाठी, म्हणजे गाभ्यासाठी, त्याचे निर्माते लिनस टोरवाल्ड्स २००२ पर्यंत मेलने आलेले पॅच (बदलांचे तुकडे) स्वतः जोडत असत आणि त्यानंतर ते बिटकीपर ही खाजगी प्रणाली वापरू लागले. एप्रिल २००५ मध्ये तिचा विनामूल्य परवाना मागे घेतला जाणार हे स्पष्ट झाल्यावर त्यांनी गिट लिहायला घेतले आणि काही दिवसांतच गिटचा स्वतःचा कोड गिटमध्ये ठेवला जाऊ लागला. जुलैपासून देखभाल जुनिओ हामानो यांच्याकडे गेली. गिटमध्ये प्रत्येकाकडे संपूर्ण इतिहासाची प्रत असते आणि नवी ब्रँच म्हणजे एका कमिटचा ४० अक्षरी क्रमांक धरणारी अवघी ४१ बाइटची फाइल. म्हणूनच किरकोळ दुरुस्तीसाठीही वेगळी ब्रँच काढणे जड जात नाही.

२००८ मध्ये गिटमधले काम ऑनलाइन ठेवायचे संकेतस्थळ गिटहब आले आणि विकेंद्रित म्हणवणारे काम पुन्हा एका ठिकाणी गोळा झाले, हा भाग थोडा गमतीचा. तेथे नवशिक्याचा पहिला पुश (आपले बदल वर पाठवणे) बहुधा ‘आधी पुल करा’, म्हणजे इतरांचे बदल आधी उतरवून घ्या, अशा अर्थाच्या संदेशाने परत येतो. सीव्हीएसही जुन्या प्रतीवरून केलेला कमिट असाच परत पाठवत असे: जो मागाहून आला, जुळवाजुळव त्यानेच करायची.