घोड्याने सांगितलेली कादंबरी मुलांच्या हाती कशी आली

दहा-बारा वर्षांच्या मुलांना काय वाचायला द्यावं, अशी चर्चा निघाली की ‘ब्लॅक ब्यूटी’चं नाव हमखास पुढे येतं. एका काळ्या घोड्याने स्वतः सांगितलेली ही जीवनकथा. पण अ‍ॅना स्यूएलने ती मुलांसाठी लिहिलीच नव्हती. गाडीवान, मोतद्दार आणि घोड्यांचे मालक हे तिचे खरे वाचक. त्यांनी घोड्यांना दयेने आणि समजुतीने वागवावं, हा आपला हेतू असल्याचं तिने रोजनिशीत नोंदवून ठेवलं आहे.

अ‍ॅनाचा जन्म १८२० सालचा, इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या एका क्वेकर (साधेपणा मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या) कुटुंबातला. चौदाव्या वर्षी शाळेतून घरी येताना ती पावसात पडली, घोट्यांना इजा झाली आणि पुढे कधीच तिला धड चालता आलं नाही. मग कुठेही जायचं तर घोडागाडीशिवाय इलाज नव्हता. घोड्यांवरचा तिचा जीव अशा रोजच्या सोबतीतून जडला. १८७१ नंतर दुखणं इतकं वाढलं, की अंथरुणाला खिळलेली अ‍ॅना जमेल तसं चिठ्ठ्याचपाट्यांवर लिहायची, नाहीतर सांगायची आणि आई ते उतरवून घ्यायची. आई मेरी स्वतः लोकप्रिय कवयित्री होती. नोव्हेंबर १८७७ मध्ये पुस्तक छापून आलं आणि एप्रिल १८७८ मध्ये अ‍ॅना गेली. पुस्तकाचं खरं यश तिला पाहायला मिळालं नाही, याची हळहळ वाटते.

त्या काळी श्रीमंतांच्या बग्ग्यांमध्ये एक फॅशन होती. घोडा रुबाबदार दिसावा म्हणून जादा लगाम लावून त्याची मान वर ताठ आवळून ठेवायची. चढावर ओझं ओढताना घोडा मान खाली घालून अंगाचा जोर लावतो, तेच या लगामामुळे अशक्य व्हायचं. श्वास अडायचा, मान आणि पाठ दुखावायची. हे सगळं कादंबरीत सोसणाराच सांगतो, आणि तिची खरी ताकद यातच आहे. आपल्या पंचतंत्रातले कोल्हे-कावळे कधीपासून बोलत आले आहेत, पण ते बोलतात माणसांच्या राजनीतीबद्दल. इंग्रजीतही डोरोथी किल्नरने १७८३ मध्येच उंदराच्या तोंडून गोष्ट सांगितली होती. तिचा रोख मुलांना वळण लावण्यावर होता. अ‍ॅनाचा घोडा घोड्याचंच दुःख सांगतो. बोटाएवढं जाड, थंडगार पोलादी कडियाळं, म्हणजे लगामाची तोंडात घालायची दांडी, पहिल्यांदा जिभेवरून सरकवलं तेव्हा काय वाटलं, ते तो सांगतो.

अमेरिकेत प्राण्यांसाठी झटणाऱ्या जॉर्ज एंजेल यांनी १८९० मध्ये हे पुस्तक परवानगी न घेताच छापलं आणि लाखो प्रती पसरवल्या. तबेल्यांत काम करणाऱ्यांपर्यंतही त्या पोचवल्या. त्यांच्याच संस्थेच्या स्पर्धेतून ‘ब्यूटिफुल जो’ ही कुत्र्याने सांगितलेली कादंबरी पुढे आली. घोड्याची मान आवळणारी ती फॅशनही हळूहळू मागे पडली. त्यात ‘ब्लॅक ब्यूटी’चा मोठा वाटा मानला जातो.

पुढे मोटारी आल्या, गाडीवान गेले आणि पुस्तक मुलांच्या कपाटात जाऊन बसलं. मग संक्षिप्त आवृत्त्या निघाल्या. माझा आक्षेप आहे तो इथे. मूळ कादंबरीत ४९ छोटी प्रकरणं आहेत. त्यात सॅम नावाचा लंडनचा गाडीवान आहे. गाडी आणि दोन घोड्यांचं रोजचं अठरा शिलिंग भाडं भरता भरता तो खंगून मरतो. घोड्याला राबवणारा माणूसही कुणाच्या तरी हाताखाली भरडला जातोय, हे अ‍ॅनाने पाहिलं होतं. जिंजर ही ब्यूटीची तांबूस मैत्रीण भाड्याच्या गाडीला जुंपून संपते, आणि गाड्यावरून नेलं जाणारं मेलेलं जनावर तीच असावं, तिचे हाल एकदाचे संपले असावेत, अशी आशा ब्यूटी करतो. मुलांना रडू येईल म्हणून हे गाळणं मला चुकीचं वाटतं. नवव्या-दहाव्या वर्षी मुलांना हे पेलतं, फक्त तेव्हा वाचून दाखवणारं कुणी मोठं जवळ असावं.

मुंबईत उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये व्हिक्टोरिया घोडागाड्या बंद करायचा आदेश दिला, तेव्हा घोड्यांच्या हालांइतकाच त्या चालवणाऱ्यांच्या पोटाचाही प्रश्न उभा राहिला होता. मोठ्या मुलांशी त्याबद्दल बोलायचं असेल, तर सॅमचं प्रकरण आधी वाचायला द्यावं.