स्पर्शप्रतिसाद तंत्रज्ञान (हॅप्टिक्स)

संगणकीय खेळात किंवा सिम्युलेटरमध्ये पडद्यावर घडणारी धडक, घसरण वा ओढ वापरणाऱ्याच्या हाताला जाणवून देणारे तंत्र. त्याचे ठळक प्रकार दोन : नुसते कंपन देणारा आणि हाताला प्रत्यक्ष विरोध करणारा. मराठवाड्यात बहुतेकांची ओळख पहिल्याशीच आहे, तीही मोबाइलमधून किंवा गेम पार्लरमधल्या थरथरणाऱ्या ‘रिमोट’मधून. खरी करामत मात्र दुसऱ्या प्रकारात आहे.

सेगा कंपनीच्या १९७६ मधील ‘मोटो-क्रॉस’ या आर्केड (नाणे टाकून खेळायच्या) यंत्रात धडक बसली की हँडल थरथरत असे. घरगुती खेळांत ही सोय रुळली ती १९९७ नंतर. त्या वर्षी निन्टेंडोने कंट्रोलरला (म्हणजे वरच्या ‘रिमोट’ला) खोचायचा ‘रंबल पॅक’ काढला आणि सोनीचा ‘ड्युअलशॉक’ हा कंट्रोलर जपानमध्ये आला. पुढे इमर्शन या कंपनीने २००२ मध्ये सोनीवर कंपनतंत्राच्या पेटंटभंगाचा दावा ठोकला. हा वाद चालू असतानाच, २००६ मध्ये, सोनीच्या प्लेस्टेशन ३ या खेळयंत्राचा कंट्रोलर कंपनाविना बाजारात उतरला. सोनीने कारण तांत्रिक सांगितले. पण २००७ मध्ये तडजोड झाली आणि त्याच वर्षी कंपन परतले, यावरून ज्याने त्याने काय ते समजावे.

जुन्या धाटणीचा कंट्रोलर उघडला तर दोन्ही मुठींत एकेक छोटी मोटर दिसते. तिच्या दांड्यावर एका बाजूला झुकलेले धातूचे वजन असते. ते फिरले की मूठ हादरते. डावीकडचे वजन मोठे, त्याचा हादरा जड; उजवीकडचे लहान, त्याची थरथर बारीक. या रचनेत जोर आणि वेग एकमेकांना बांधलेले असतात, म्हणून सावकाश पण जोरदार असा ठोका देता येत नाही. सोनीच्या २०२० च्या ‘ड्युअलसेन्स’ कंट्रोलरमध्ये स्पीकरच्या तत्त्वावर चालणारी कॉइल आली आणि ही अडचण बरीचशी दूर झाली.

दुसऱ्या प्रकारात, म्हणजे बलप्रतिसादात, मोटर हाताविरुद्ध जोर लावते. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात थॉमस मॅसी व केनेथ सॅलिसबरी यांनी १९९० च्या दशकात बनवलेले ‘फँटम’ हे या प्रकारातले गाजलेले यंत्र. चित्र सेकंदाला ६० वेळा बदलले की डोळ्याचे भागते. हाताचे तसे नाही : कठीण पृष्ठभाग कठीण लागायचा तर बलाचा हिशेब सेकंदाला सुमारे १००० वेळा करावा लागतो. तो मंदावला की भिंत मऊ लागते किंवा यंत्रच थरथरू लागते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांच्या सरावयंत्रांतही हेच तत्त्व वापरतात.

गाडीच्या खेळातले स्टिअरिंग हे बलप्रतिसादाचे सर्वांत सुलभ रूप. समजा, पावसातले कन्नडच्या औट्रम घाटातले वळण सिम्युलेटरवर उभे केले. वळताना पुढची चाके सरळ होऊ पाहतात, त्यामुळे स्टिअरिंग हाताला ओढते. टायरची पकड सुटू लागली की ही ओढ कमी होते, स्टिअरिंगचे चाक हलके पडते आणि गाडी घसरणार हे डोळ्याआधी हाताला कळते. पॉवर स्टिअरिंग नसलेला जुना ट्रॅक्टर ढेकळांतून नेणाऱ्याला हा झटका फुकटात मिळतो. खेळात त्यासाठी मोटर, गणित आणि बराच पैसा लागतो. आत गिअर असलेल्या स्वस्त स्टिअरिंग चाकांचे पीळबल (टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर) साधारण २ न्यूटन-मीटर असते, मोटरच्या दांड्यावर थेट बसवलेल्या महागड्या चाकांचे २० च्याही पुढे जाते. एवढ्या जोरापुढे साधे टेबल टिकत नाही; लोखंडी सांगाडाच हवा, आणि तो कोणताही वेल्डिंगवाला करून देतो.

मराठवाड्यात असे चाक घेणाऱ्याने दोन गोष्टी पाहाव्यात. मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना छोट्या मोटरी लवकर तापतात, आणि काही चाके बचावासाठी जोर आपोआप कमी करतात. पंखा नसलेले चाक दुपारच्या खेळात लवकर तापू शकते. दुसरी गोष्ट विजेची. संगणक यूपीएसवर आणि चाकाचा अडॅप्टर साध्या बोर्डावर असेल, तर वीज जाताच ऐन वळणात चाक ढिले पडते. अडॅप्टरही यूपीएसवरच घ्यावा. मात्र थेट मोटरचे मोठे चाक छोट्या यूपीएसला झेपेलच असे नाही.