एका सेकंदाची आडवी शर्यत : कॉलेज आइस हॉकीतल्या पॉवर प्लेचे गणित

६ एप्रिल २०२५ रोजी अलेक्झांडर ओवेच्किनने एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगमधला आपला ८९५वा गोल केला आणि वेन ग्रेट्स्कीचा ८९४ गोलांचा विक्रम मोडला. गोल पॉवर प्लेवर झाला, आणि तोही गोलसमोर दोन बाजूंना आखलेल्या वर्तुळांपैकी डाव्या वर्तुळातून. हा माणूस तिथूनच मारतो हे प्रतिस्पर्ध्यांना वर्षानुवर्षे माहीत आहे, गोलरक्षकांना माहीत आहे, तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांनाही माहीत आहे. तरीही तो अडवला जात नाही. का, असे विचारले की बहुतेक जण फटक्याच्या ताकदीकडे बोट दाखवतात. ताकद आहेच. पण फटक्याच्या आधीच्या सेकंदात पक (चेंडूऐवजी वापरतात ती रबरी चकती) कुठे होता, हे पाहिल्याशिवाय पॉवर प्ले कळत नाही.

अमेरिकेत एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या पहिल्या विभागात पुरुषांचे ६०हून अधिक कॉलेज संघ खेळतात. त्यांच्यापाशी ओवेच्किन नसतो. भूमिती मात्र सगळ्यांना सारखीच, आणि पॉवर प्ले सुधारायचा तर ती भूमितीच कामाला येते.

आधी थोडी ओळख. क्रिकेटमधल्या पॉवर प्लेशी याचे नावापलीकडे नाते नाही. आइस हॉकीत एका खेळाडूने नियम मोडला की त्याला २ मिनिटे बाहेर बसावे लागते. तेवढा वेळ त्याचा संघ गोलरक्षक सोडून चार जणांनी खेळतो आणि समोर पाच जण असतात; हाच त्या पाच जणांचा पॉवर प्ले. गोल झाला की ही छोटी पेनल्टी तिथेच संपते. ५ मिनिटांची मोठी पेनल्टी मात्र गोल झाला तरी चालूच राहते. एक माणूस जास्त असूनही साधारण पाच संधींमागे एकच गोल होतो. चांगला संघ चारांत एक करतो.

इथे नेहमीचा गैरसमज असा, की माणूस जास्त आहे म्हणजे जास्त फटके मारावेत. प्रेक्षक तर पक निळ्या रेषेपाशी पोचला की ‘मार, मार’ म्हणून ओरडायला लागतात. पण निळी रेषा, म्हणजे हल्ल्याच्या विभागाची हद्द, गोलरेषेपासून ६४ फुटांवर आहे. तिथून सेकंदाला ३५ मीटर वेगाने मारलेला पकसुद्धा गोलपर्यंत यायला अर्ध्या सेकंदाहून जास्त घेतो. गोलरक्षक उभा आहे, स्थिर आहे, त्याला पक दिसतो आहे; असा फटका तो जवळजवळ नेहमीच अडवतो. त्याआधी कुणा बचावपटूच्या नडगीवर आदळला, तर तोच पक घेऊन तो मोकळ्या बर्फावरून उलट गोल करायला सुटतो. त्यामुळे फटक्यांचा आकडा वाढवणे हे उद्दिष्टच चुकीचे आहे. गोलरक्षकाला स्थिर राहू न देणे, हे खरे उद्दिष्ट.

आता मोजमाप घेऊ. गोलची चौकट ६ फूट रुंद आणि ४ फूट उंच. फेसऑफचे (खेळ पुन्हा सुरू करताना पक टाकतात त्याचे) दोन ठिपके त्या दोन वर्तुळांच्या मध्यात, गोलरेषेपासून २० फूट पुढे आणि मैदानाच्या मधोमध एका गोलपासून दुसऱ्या गोलपर्यंत धरलेल्या काल्पनिक रेषेपासून दोन्ही बाजूंना २२-२२ फुटांवर. म्हणजे एका ठिपक्यापासून दुसरा ४४ फूट, सुमारे १३.४ मीटर. ठिपक्यापासून गोलच्या मध्यापर्यंतचे अंतर जवळपास ३० फूट, म्हणजे ९ मीटर. तिथून गोल तिरपा दिसत असल्याने त्याची ६ फुटांची रुंदी डोळ्याला ४ फुटांएवढीच भासते. म्हणून गोलरक्षक त्या बाजूला तोंड करून नीट उभा असेल, तर त्याच्या पॅड आणि हातमोज्यांपलीकडे फारसे काही दिसत नाही.

मग पक एका ठिपक्यावरून दुसऱ्या ठिपक्याकडे आडवा पाठवला तर? मधोमधच्या त्या काल्पनिक रेषेला माजी गोलरक्षक स्टीव्ह व्हॅलिकेट यांनी ‘रॉयल रोड’ असे नाव दिले आहे. पकाने ती रेषा ओलांडली की गोलरक्षकाला सुमारे ९५ अंश वळावे लागते आणि सोबत सरकावेही लागते. तो गोलच्या मध्यापासून ४ फूट पुढे उभा असेल, तर त्याला जवळपास ६ फूट, म्हणजे १.८ मीटर जायचे असते.

घड्याळ लावू. पास सेकंदाला २० मीटर वेगाने गेला तर १३.४ मीटरला ०.६७ सेकंद. पलीकडच्या खेळाडूने पक न थांबवता आल्या आल्या मारला (याला वन-टायमर म्हणतात), तर फटक्याचे ९ मीटर ३५च्या वेगाने ०.२६ सेकंदांत. एकूण साधारण ०.९५ सेकंद. आता गोलरक्षक. डोळ्याने पाहून स्नायू हलायला माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतात, यात कुणाला सवलत नाही. त्यानंतर त्याने दर सेकंदाला सेकंदास ५ मीटर या दराने वेग वाढवला असे धरू. न थांबता नुसते तिथवर पोचायला त्याला ०.८५ सेकंद लागतील. मिळून १.०५ सेकंद. पोचून स्थिर उभे राहायचे असेल, तर अर्धे अंतर वेग वाढवण्यात आणि अर्धे तो मारण्यात जाईल. तो हिशेब १.४ सेकंदांवर येतो.

म्हणजे वन-टायमर आला तेव्हा गोलरक्षक अजून वाटेत आहे. त्याचे वजन एका पायावर आहे, गुडघ्यांमध्ये फट आहे आणि दिशा बदलणे त्याच्या हातात नाही. पण हाच पास खेळाडूने आधी थांबवला, नीट केला आणि मग मारला, तर अर्धा सेकंद वाढतो. ०.९५चे १.४५ होतात. गोलरक्षक ०.०५ सेकंद आधी येऊन स्थिर उभा असतो. पास तोच, फटका तोच, खेळाडू तोच. गोल गेला तो त्या अर्ध्या सेकंदात. त्वरणाचा आकडा गृहीत धरलेला आहे, गोलरक्षकागणिक तो बदलेल, पण त्याने या हिशेबाचा कल बदलत नाही.

गोलरक्षकापाशी एक उपाय असतो : मागे सरणे. तो गोलच्या मध्यापासून ४ ऐवजी २ फुटांवरच उभा राहिला, तर आडवे अंतर निम्मे होते, ०.९ मीटर. ०.२ अधिक ०.६, म्हणजे ०.८ सेकंदांत तो न थांबता पोचतो आणि ०.९५च्या फटक्याआधी तिथे असतो. मागे सरण्याची किंमत किती? ठिपक्यावरून मारलेल्या फटक्यासाठी त्याला झाकायची रुंदी सुमारे ८ सेंटिमीटरने वाढते. सौदा अगदी फायद्याचा! म्हणून बाजूंच्या दोघांवर अवलंबून असलेला पॉवर प्ले मागे उभ्या राहणाऱ्या गोलरक्षकापुढे थंड पडतो, आणि प्रशिक्षक बिचारा फटका मारणारा बदलत बसतो.

इथे बंपरचे काम सुरू होते. १-३-१ या रचनेत एक खेळाडू निळ्या रेषेपाशी, तीन मधल्या ओळीत आणि एक गोलसमोर असतो. मधल्या ओळीतला मधला तो बंपर. गोलरेषेपासून साधारण २० फूट, बरोबर गोलच्या समोर. त्याला गोल पूर्ण ६ फूट रुंद दिसतो. त्याच्या फटक्यासाठी ४ फूट पुढे आलेल्या गोलरक्षकाला ४.८ फूट झाकावे लागतात. २ फुटांवर थांबलेल्याला ५.४ फूट. फरक १८ सेंटिमीटरचा, शिवाय अंतर कमी म्हणून उंचीतही वरची जागा उघडी पडते. बंपरची भीती खरी असेल तर गोलरक्षकाला पुढे यावेच लागते, आणि तो पुढे आला की आडवी शर्यत पुन्हा १.८ मीटरची होते. बंपरने हंगामभरात मोजके गोल केले तरी बाजूच्या फटकेबाजाचे गोल त्याच्या जिवावर होत असतात. त्याचे नाव मात्र गुणतक्त्यात दिसत नाही. या रचनेत मला सर्वांत देखणे वाटते ते हेच काम.

बंपरकडून नेहमी होणाऱ्या चुका दोन. एक, तो बचावपटूच्या पाठीमागे लपतो. पक असलेल्याला त्याच्या स्टिकचे पाते दिसले नाही, तर तो तिथे असून नसल्यासारखा. दुसरी, तो आडव्या पासच्या वाटेतच उभा राहतो. पक एका बाजूला पोचला की त्याने एखादे पाऊल निळ्या रेषेकडे सरकावे. त्याच्यासोबत वरचा बचावपटू ओढला जातो आणि खालून वाट उघडते.

बाजूला कोण उभा राहणार, हे हातावर ठरते. ज्याच्या स्टिकचे पाते शरीराच्या उजवीकडे असते त्याला डाव्या वर्तुळात ठेवायचे. गोलकडे तोंड केल्यावर त्याचे पाते मैदानाच्या मध्याकडे येते, आडवा पास थेट पात्यासमोर येतो. ओवेच्किनही असाच उजव्या हाताचा. डाव्या हाताचा खेळाडू त्याच जागी ठेवला, तर त्याला पास अंगावरून पलीकडे घ्यावा लागतो आणि वन-टायमर संपला. त्याला तिथून पास देणारा म्हणून वापरता येते, पण मग बचाव करणाऱ्यांना एकच धोका उरतो.

वन-टायमरमध्ये पात्याने पकाच्या किंचित मागे बर्फावर घासायचे असते. त्याने दांडा वाकतो, धनुष्यासारखी ऊर्जा साठते आणि पकाला स्पर्श होताना मोकळी होते. स्टिकवर छापलेला ८५ किंवा ९५ हा फ्लेक्सचा आकडा म्हणजे दांडा १ इंच वाकवायला लागणारे पौंडांतले बल. हलक्या खेळाडूने हट्टाने कडक स्टिक घेतली तर ती वाकतच नाही. पास देणाऱ्याची जबाबदारी याहून मोठी : पक बर्फाला चिकटून, सपाट, मारणाऱ्याच्या पुढच्या पावलाच्या किंचित आत यायला हवा. डळमळत आलेल्या पकावर वन-टायमर मारणे म्हणजे लॉटरी. बचावपटूच्या स्टिकवरून उचलून दिलेला पास तर मारणाऱ्याच्या दोन-तीन फूट आधी टेकून शांत व्हायला हवा.

ती स्टिक वाटेतून हलवायची कशी? बचावपटू पाते बर्फावर ठेवून आडवी वाट बंद करतो. पास देणाऱ्याने खांदे आणि नजर वरच्या खेळाडूकडे वळवली की ते पाते फूटभर सरकते; तेवढे पुरते. नजर जिकडे पास तिकडे, ही सवय असलेल्या खेळाडूचा आडवा पास समोरचा आधीच वाचतो. गोलरक्षकही वाचतो, आणि त्याचे ते ०.२ सेकंद वाचतात.

हे सगळे पक समोरच्या विभागात असताना. १२० सेकंदांतले किती तिथे जातात? पहिला फेसऑफ हरला आणि पक दुसऱ्या टोकाला फेकला गेला की परत येण्यात १५-२० सेकंद सहज जातात. कमी माणसांनी खेळणाऱ्या संघाला असा पक फेकायची मुभा असते. परत येताना ड्रॉप पास वापरतात : पहिला खेळाडू पूर्ण वेगात पुढे येतो, त्याच्या वेगाला घाबरून समोरचे मागे हटतात, आणि तो स्वतःची निळी रेषा व मधली लाल रेषा यांच्यामध्ये पक मागे सोडतो. मागून येणारा वेगातच तो उचलतो. बिघडते ते असे : पहिला आरामात येतो म्हणून कुणी मागे हटत नाही, किंवा पक लाल रेषेपलीकडे सोडला जातो, तेव्हा जागाच उरलेली नसते, किंवा दुसरा उभ्या उभ्या पक घेतो.

फटका चुकला तर कुठे चुकला, यालाही महत्त्व आहे. दूरच्या खांबाच्या बाहेरून उंच गेलेला पक काचेला लागून कडेकडेने फिरत विभागाबाहेर निघतो आणि पुन्हा २० सेकंद जातात. दूरच्या पॅडवर खाली मारलेला पक उसळून समोरच राहतो. तिथे पाचांपैकी तिघांनी पकाभोवती जमायचे. संख्येचा फायदा खरा घ्यायचा तो या क्षणी.

सराव. हंगामात एनसीएए आठवड्याला २० तासांहून जास्त सराव करू देत नाही आणि एक दिवस सुट्टी सक्तीची असते. व्यायाम, व्हिडिओ सारे त्यातच. म्हणून समोर कुणीही नसताना पाच जणांनी सुबक पास करत राहणे बंद करावे. त्यात वाट वाचायची सवयच लागत नाही. चार बचावपटू ठेवावेत, पहिल्या आठवड्यात त्यांनी स्टिक उलटी, मुठीकडचे टोक खाली धरून उभे राहावे. वाटा रुंद राहतात, पण निर्णय घ्यावाच लागतो. पुढच्या आठवड्यात स्टिक सुलट. दिवसाला १५ मिनिटे पुरतात, मात्र काही वेळा हा सराव शेवटी, बर्फ खरवडून भुगा साचल्यावर करावा. सामन्याच्या प्रत्येक सत्राच्या अखेरीला बर्फ असाच होतो, पास मंदावतो, आणि ०.६७चे ०.८ होतात. तेव्हा ४४ फुटांच्या पासऐवजी बंपरमार्फत दोन छोटे पास चांगले.

आणि आकड्यांबद्दल. तीन सामने गोल झाला नाही की स्टिकची टेप बदलणे, दाढी न करणे, बाकावरची जागा बदलणे असले प्रकार सुरू होतात. काही प्रशिक्षक सगळी फळीच मोडतात. दोन्ही अंधश्रद्धाच. सामन्याला ४ संधी धरल्या तर १० सामन्यांत ४०. संघाची खरी क्षमता २० टक्के असेल तर अपेक्षित गोल ८, आणि प्रमाण विचलन ४० × ०.२ × ०.८चे वर्गमूळ, म्हणजे २.५. खेळात काडीचा फरक न पडता ३ गोलही होऊ शकतात आणि १३ही. ७.५ टक्के की ३२.५ टक्के, हे त्या १० सामन्यांत नुसत्या नशिबानेही घडते. टेपचा रंग त्यात कुठे येत नाही.

त्यापेक्षा जे वारंवार घडते ते मोजावे : दर २ मिनिटांत रॉयल रोड ओलांडणारे पास किती, फटक्यानंतर पक किती वेळा परत मिळाला, आणि पास पात्याला लागल्यापासून पक सुटेपर्यंतचा वेळ. शेवटच्यासाठी साधा फोन पुरे. सेकंदाला ३० चौकटींच्या चित्रणात १५ चौकटी म्हणजे अर्धा सेकंद. गोलच्या मागच्या बाजूने, थोड्या उंचीवरून चित्रण करावे, म्हणजे पाते आणि गोलरक्षकाचे पाय एकाच चौकटीत दिसतात. पक सुटला त्या चौकटीवर थांबून पाहावे : त्याचा मागचा पाय अजून सरकतो आहे की टेकला आहे.